डोळ्यांच्या हालचालींतून आघातावर उपचार: ईएमडीआर नीट कसं घ्यावं

ईएमडीआरसाठी गेलेल्या माणसाला पहिल्या भेटीत डोळे हलवायला लावत नाहीत. बऱ्याचदा दुसऱ्या भेटीतही नाही. मग तो खट्टू होतो. यूट्यूबवर ठिपका डावीकडून उजवीकडे धावणारे व्हिडिओ फुकट मिळत असताना इथे नुसत्या गप्पांना पैसे कशाला मोजायचे, असं त्याला वाटतं. पण डोळे हलवणं हा या उपचारातला सगळ्यात सोपा भाग आहे. कोणती आठवण उघडायची हे ठरवणं, ती उघडल्यावर सांभाळायची तयारी आणि तास संपताना ती नीट मिटवून घरी जाणं, खरं काम या तीन गोष्टींत आहे. पुढचं सगळं उपचार घेणाऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. दार बंद करून एकट्याने करून बघण्यासाठी ते नाही.

आधी थोडी ओळख. ईएमडीआर म्हणजे आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ साली बागेत फिरताना जाणवलं, की डोळे इकडून तिकडे भराभर फिरले की मनात घोळणारा त्रासदायक विचार बोथट होतो. त्यावरचा त्यांचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये छापून आला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या ताणविकारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, ज्या मानसोपचारांची शिफारस केली त्यांत आघातकेंद्री सीबीटीबरोबर (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा बोलण्याचा उपचार) ईएमडीआरही होतं, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही.

हे चालतं कसं? आज सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण साधं आहे. मनाची हातातली पाटी लहान असते. एखादं दृश्य त्या पाटीवर धरून ठेवायचं आणि त्याच वेळी डोळ्यांनी बोटाचा पाठलाग करायचा, ही दोन्ही कामं पुरती होत नाहीत. दृश्य फिकं पडतं, त्यातली धार जाते आणि तसंच फिकं होऊन ते परत साठवलं जातं. डोळ्यांच्या हालचालींनी खरोखर भर पडते का, यावर संशोधकांचा वाद जुना आहे. २००१ च्या एका मोठ्या आढाव्यात वेगळा फायदा दिसला नव्हता, २०१३ च्या आढाव्यात तो दिसला. पद्धत एकूण गुण देते याबद्दल मात्र भरपूर पुरावा आहे. म्हणून 'मेंदूचे दोन भाग पुन्हा जोडून देतो' असं छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा लांबच राहा.

कुणाकडे जायचं आणि कधी थांबायचं

थेरपिस्ट आधी मुळात मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला हवा, मनोविकारतज्ज्ञ किंवा रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंद असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ईएमडीआर हे त्यावरचं प्रशिक्षण. अमेरिकेतल्या ईएमडीआर संघटनेचा निकष बघितला तर मूलभूत प्रशिक्षणात २० तास शिकवणं, २० तास देखरेखीखालचा सराव आणि १० तास प्रत्यक्ष रुग्णांबद्दलची सल्लामसलत असते. तेव्हा फोनवर सरळ विचारा: प्रशिक्षण कुठे आणि किती तासांचं झालं? अडलं तर तुम्ही कुणाला विचारता? एक सेशन किती वेळाचं? साठ ते नव्वद मिनिटं हे उत्तर ठीक. पंचेचाळीस मिनिटांत आठवण उघडून बंद करणं अवघड जातं. आणि पहिल्याच भेटीत 'चला, सांगा काय झालं, बोटाकडे बघा' म्हणणारा माणूस नको.

पहिल्या भेटीत पुढच्या गोष्टी तुम्ही आपणहून सांगा. नेत्रपटलाचा आजार किंवा डोळ्यांची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. फिट्स. गरोदरपण. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारखी घबराट कमी करणारी गोळी, कारण तिच्यामुळे भावना इतक्या दबू शकतात की सेशनला हवं ते वर येतच नाही. (म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशीच बोलायचं.) दारू किंवा इतर व्यसन. आणि 'मधेच वेळ निघून जातो, मी कुठे होते कळत नाही' असे प्रसंग. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मन असं निसटण्याची सवय असेल तर तयारीलाच काही महिने लागू शकतात आणि ते लागू द्यावेत.

मारझोड आजही चालू असेल तर आधी सुरक्षित जागा, मग आठवणींचं काम. कोर्टात साक्ष द्यायची असेल तर वकिलाला आणि थेरपिस्टला दोघांना कळवा. उपचारानंतर आठवण पुसट होते, भावनेशिवाय सांगितली जाते, आणि उलटतपासणीत त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. जीव द्यायचे विचार येत असतील तर ईएमडीआरच्या तारखेची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तयारी: घरी करता येतो तो भाग एवढाच

सुरुवातीला दोन-तीन साधनं शिकवली जातात. ती सेशनमध्ये शिकून घरी रोज घोटायची.

पहिलं, शांत जागा. खरी असो वा कल्पनेतली, पण तिथे कुणी माणूस नको. माणसाबरोबर रुसवेफुगवे, आजारपण, मृत्यू सगळं येतं आणि जागा नासते. आजोळची ओटी निवडली आणि मागोमाग आजीचं शेवटचं दुखणं आठवलं, असं हमखास होतं. म्हणून पावसानंतरचं पठार, नदीचा घाट, देवळाचा थंडगार गाभारा अशी जागा घ्या. पायाखाली काय लागतंय, वास कसला, उजेड कुठून येतोय हे बघा. शरीरात सैल वाटायला लागलं की त्या जागेला एक शब्द द्या.

दुसरं, फुलपाखरू मिठी. लुसिना आर्टिगास यांनी ती १९९८ मध्ये मेक्सिकोत, चक्रीवादळातून वाचलेल्यांबरोबर काम करताना काढली. हात छातीवर आडवे घ्या, बोटांची टोकं गळपट्टीच्या हाडाखाली टेकवा, अंगठे एकमेकांत अडकवा. आता डावा, उजवा, डावा, उजवा असं हलकेच थोपटा. शांत जागा मनात धरून सहा-आठ थापट्या, थांबा, श्वास सोडा, बरं वाटलं तर पुन्हा तेवढ्याच.

इथेच मेख आहे. हळू आणि थोडक्यात थोपटलं तर चांगली जाणीव घट्ट होते. भरभर आणि लांबवर केलं तर मन एका आठवणीवरून दुसरीवर उड्या मारू लागतं. क्रिया तीच, फरक वेगाचा आणि संख्येचा. व्हिडिओचा ठिपका दहा दहा मिनिटं थांबत नाही. तुमच्या चेहऱ्याचा रंग उडाला, श्वास अडकला, हे त्याला दिसत नाही. म्हणून घरी आघाताची आठवण मुद्दाम काढून डोळे फिरवत बसू नका. थोपटताना वाईट दृश्य आपणहून आलं तर थांबा, डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, गार पाण्याने हात धुवा.

तिसरं, पेटी. जे आज पुरं झालं नाही ते ठेवायला घट्ट झाकणाचं काहीतरी: लोखंडी ट्रंक, बँकेचा लॉकर, कोठीघर. ठेवायचं म्हणजे फेकायचं नाही. पुढच्या सेशनला ते काढायचंच आहे, असं स्वतःला सांगूनच ठेवायचं. नाहीतर झाकण बसत नाही.

थांबण्याची खूणही याच भेटीत ठरते. हात वर करणं बरं, कारण 'थांबा' हा शब्द सेशनमध्ये वेगळ्या अर्थाने निघू शकतो. आठवणीतला माणूसच 'थांबा' म्हणत असतो.

आठवण नेमकी पकडणं

एक कल्पित उदाहरण घेऊ. घाटातून जाणारी एसटी. उजव्या खिडकीशी बसलेल्या शिक्षिकेला ऊन लागत होतं, तिने शेजारच्या मावशींना जागा बदलून मागितली. वीस मिनिटांनी वळणावर समोरून आलेल्या ट्रकने बसची उजवी बाजू कापली. मावशी गेल्या. दोन वर्षं झाली, बाई एसटीत चढत नाही.

थेरपिस्ट विचारतो, त्या सगळ्यातलं सगळ्यात वाईट दृश्य कोणतं? बघणाऱ्याला वाटेल रक्त, काच. ती म्हणते, लिंबं. मावशींच्या पिशवीतून बाहेर पडून पायांमधून घरंगळत गेलेली लिंबं. मग तेच दृश्य घ्यायचं. तिच्या मनाने ते निवडलंय, ते बदलून 'जास्त भयानक' घेण्यात काही मिळत नाही.

मग वाक्य. ते दृश्य बघताना स्वतःबद्दल आज काय वाटतं? इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. 'मी फार घाबरले होते' हे वाक्य चालत नाही, ती तेव्हाची भावना झाली. 'मावशी गेल्या' हेही नाही, ती घटना आहे, आणि घटना कुठलाही उपचार बदलत नाही. हवं ते वाक्य 'मी' वर असतं, आजही खरं वाटतं आणि नीट तपासलं तर खोटं असतं: 'मी दोषी आहे.' त्याच्यासमोर हवंसं वाक्य: 'मला तेव्हा जे कळत होतं तसं मी वागले.' 'माझा काही संबंधच नव्हता' असं गोडगोड वाक्य घेतलं की पुढे ते अडकतं, कारण तिचं मन ते कधीच मान्य करणार नाही.

वाक्य ज्या भाषेत मनात उमटतं त्याच भाषेत घ्या. इंग्रजीत सेशन चाललं असलं तरी 'माझ्यामुळेच झालं' हे मराठीतच म्हणा. घरात, गल्लीत कानांवर आदळलेला शब्द भाषांतरात निम्मा मरतो. शरीराचंही तसंच. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, घशाशी आवंढा अडतो, हातपाय गळतात, डोकं बधिर होतं. आपल्याकडे यासाठी इतके नेमके शब्द आहेत की 'अँक्झायटी होते' म्हणून थांबू नये. गोळा नेमका कुठे, बेंबीच्या वर की खाली, तेही सांगा.

आता दोन आकडे. हवंसं वाक्य मनाला किती खरं वाटतं, १ ते ७ मध्ये (१ म्हणजे अजिबात नाही). बाई म्हणते २. दृश्य बघताना आत्ता त्रास किती, ० ते १० मध्ये. ती म्हणते ९. हे आकडे परीक्षेचे गुण नव्हेत. थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून कमी सांगितलात तर तुमचंच नुकसान होईल.

बोटामागे डोळे

खुर्च्या समोरासमोर नसतात. थेरपिस्ट थोडा बाजूला, तिरका बसतो, म्हणजे त्याचा हात तुमच्या चेहऱ्यासमोर येतो आणि त्याचा चेहरा येत नाही. दोन बोटं साधारण तीस-पस्तीस सेंटिमीटरवर. अंतर तुम्हाला सोयीचं वाटेल तसं ठरवा. डोकं स्थिर, फक्त डोळे. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून ठेवा, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. जाऊन परत येणं ही एक फेरी, साधारण सेकंदाला एक. सुरुवातीचा संच चोवीसेक फेऱ्यांचा, मग माणसाप्रमाणे लांब किंवा आखूड. डोळे दुखत असतील तर तळहातांवर किंवा गुडघ्यांवर आळीपाळीने थापट्या, किंवा हेडफोनमधून एकेका कानात टिकटिक. टिकटिक डोळ्यांच्या हालचालींपेक्षा कमी पडते असं डच संशोधकांच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून डोळे चालत असतील तर डोळेच.

तुमचं काम काय? दृश्य, वाक्य आणि शरीरातली ती जागा एकदा मनात आणायची आणि सोडून द्यायची. दृश्य धरून ठेवायला धडपडू नका. धावत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर बघावं तसं बघा: झाडं येतात, जातात, तुम्ही आत बसलेले. संच संपला की थेरपिस्ट म्हणतो, 'सोडून द्या. श्वास घ्या. आता काय येतंय?' उत्तर एका ओळीचं पुरे.

'लिंबं. पण लांब गेली.'

'त्यावरच राहा.' पुन्हा बोट.

'डिझेलचा वास.'

'त्यावरच राहा.'

'मी ओरडले होते. विसरलेच होते मी.'

'राहा त्यावर.'

'आई आली डोळ्यांसमोर. धाकटा भाऊ जिन्यावरून पडला तेव्हा म्हणाली होती, तुझं लक्ष कुठे होतं?'

एसटीमधून आई कुठे आली, असं वाटून बरेच जण हे सांगतच नाहीत. विषय सोडून गेलो म्हणून माफी मागतात. ते सांगाच. 'मी दोषी आहे' हे वाक्य घाटात जन्मलेलं नाही, जिन्यावर जन्मलं, हे इथे कळलं. उलट बाजूही लक्षात ठेवा. या वेळी वर आलेलं प्रत्येक चित्र घडलेलंच असतं असं नाही. ते पुरावा म्हणून वापरून कुणाला जाब विचारायला लगेच जाऊ नका.

तपशील सांगायची सक्ती या पद्धतीत नाही. 'आलंय काहीतरी, सांगायचं नाही' हेही पूर्ण उत्तर आहे. ज्यांना घडलेलं तोंडावाटे काढता येत नाही त्यांना हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा आधार वाटतो.

अडकतं कुठे

रडू येणं, थरथर, मळमळ म्हणजे अडकणं नव्हे. ते बदलत असेल तर काम चालू आहे. लागोपाठ दोन संचांनंतर तेच दृश्य, तीच ताकद, काहीच हललं नाही, तर अडकलं. मग थेरपिस्ट दिशा तिरपी करतो, वेग बदलतो, चित्र सोडून फक्त पोटातल्या गोळ्याकडे लक्ष द्यायला सांगतो. तरी नाही, तर एक छोटा प्रश्न टाकतो. आपल्या उदाहरणात: 'ट्रकचं स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं?' किंवा 'तुमच्या विद्यार्थिनीने ऊन लागतं म्हणून जागा बदलली असती आणि असं झालं असतं, तर तिला काय म्हणाला असतात?' उत्तरावर चर्चा नाही, लगेच पुढचा संच. थेरपिस्ट इथे दहा मिनिटं समजावत बसला तर गाडी थांबते.

आकडा ९ वरून ३ वर येऊन तिथेच बसला, तर बहुधा खाली जुनी आठवण असते (इथे जिना) किंवा एखादी समजूत आडवी येते. 'मला बरं वाटलं म्हणजे मावशींना विसरले' ही समजूत आपल्याकडे फार दिसते. ती बोलून दाखवा. दुःख राहणारच आहे. काढायची आहे ती टोचणी.

आणखी एक अडचण: सगळं काही न जाणवता भराभर ० वर येणं. हातपाय गार, आवाज लांबून आल्यासारखा, 'काही नाही, ठीक आहे.' ते बरं होणं नसून मन निसटणं असू शकतं. असं झालं तर हात वर करा.

त्रास ० झाला की हवंसं वाक्य मूळ दृश्याबरोबर धरून आणखी संच घ्यायचे, ७ पर्यंत. मग डोळे मिटून डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासायचं. कुठे ताण उरला असेल तर त्यावर पुन्हा. त्रास ० नसताना वाक्य बसवायची घाई करणं ही नवख्या थेरपिस्टची नेहमीची चूक.

तास संपताना, आणि पुढचा आठवडा

शेवटची दहा-पंधरा मिनिटं बंद करण्यासाठी राखून ठेवलेलीच हवीत. आठवण पुरी झाली नसेल तर ती पेटीत, मग शांत जागा, मग पाय जमिनीवर. लगेच दुचाकी चालवू नका. संध्याकाळी लग्नघर, बैठक, परीक्षा ठेवू नका. पुढचे दोन-तीन दिवस स्वप्नं रंगीत पडतात, चिडचिड होते, जुनं काहीबाही आठवतं. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा, की काय झालं ते विचारू नका, जेवायला हाक मारा.

वहीत एकेक ओळ: कशामुळे, काय दिसलं, काय वाटलं, शरीरात कुठे, आकडा किती. त्यापेक्षा जास्त लिहू नका. घरी बसून आठवण उकरणं हा गृहपाठ नाही.

ऑनलाइन सेशन असेल तर ही बाजू जास्त सांभाळावी लागते. दोन खोल्यांच्या घरात बाहेर टीव्ही, आत तुम्ही, असं चालत नाही. दाराला कडी, सेशननंतर अर्धा तास मोकळा, आणि तुमचा पत्ता व घरातल्या एका माणसाचा नंबर थेरपिस्टकडे आधीच दिलेला हवा.

एकाच घटनेचा आघात असेल तर अभ्यासांत तीन ते सहा सेशनमध्ये बऱ्याच जणांना उतार दिसला आहे. लहानपणापासून वर्षानुवर्षं सोसलेल्याला हा हिशेब लावू नका, तिथे महिने लागतात.

प्रत्येक पुढची भेट मागचा आकडा पुन्हा विचारून सुरू होते. लिंबांचं दृश्य ० वर राहिलं, जिना झाला, तरी आजची चाळवणारी कारणं वेगळी घ्यावी लागतात: तिरपं ऊन, मोठा हॉर्न, डिझेलचा वास. प्रत्येकाचा आपला आकडा. त्यानंतर पुढचा प्रवास. बाई डोळ्यांसमोर आणते: स्टँड, फलाट, बसची पायरी, खिडकीजवळची जागा, घाटातलं पहिलं वळण. जिथे पोटात गोळा येतो तिथे थांबून संच. मग प्रत्यक्षात आधी तीन थांब्यांचा सपाट रस्ता, बरोबर कुणीतरी, आणि नंतर घाट. परतल्यावर आकडा वहीत. तो ३ आला तर तोच पुढच्या सेशनचा विषय.